कुसुमटोल्यातून येणारी पानं

सुनिलला त्या दिवशी सभेत एवढंच सांगायचं होतं, की वेबसाइट आता दुसऱ्या कोणाकडे द्या. गडचिरोलीच्या जंगलातल्या काही ग्रामसभांनी विडीसाठी लागणारा तेंदूपत्ता एकत्र विकायचं ठरवलं, तेव्हा कॉम्प्युटर शिकलेला तोच एक होता, म्हणून हे लचांड त्याच्या गळ्यात पडलं. नेटवर्कसाठी टेकडी चढायची, खरेदीदारांचे फोन घ्यायचे आणि वर बोलणीही खायची. त्याचा जीव विटला होता. बायको रंजीताच्या भावाने भद्रावतीत एका दुकानात काम बघून ठेवलं होतं आणि तिने कपडेही बांधले होते.

तो तोंड उघडणार, तोच शेजारगावच्या भागीरथाबाईने मोबाइल पुढे केला. वेबसाइटवर त्यांच्या गावाच्या पानावरची लिलावाची सूचना गायब होती. तिच्या जागी इंग्रजीत चूक दाखवणारी एक ओळ होती, आणि त्या ओळीत नाव होतं कुसुमटोल्याचं, म्हणजे सुनिलच्या गावाचं.

"आमचं पान तुह्या गावातून काऊन येऊन राह्यलं? आमची ग्रामसभा तुमच्या खाली हाय का?"

इकडे एक ग्रामसभा दुसरीच्या खाली, हे गमतीतही खपत नाही. सगळे सुनिलकडे बघू लागले.

झालं होतं असं, की त्याने पहिलं पान आपल्या गावाचं केलं. सगळ्याच पानांवर येणारं वरचं शीर्षक आणि खालची पट्टी त्याच फोल्डरात ठेवली, आणि बाकी सगळ्या गावांच्या पानांत तिथला पूर्ण पत्ता चिकटवून दिला. आता सर्व्हर बदलला, पत्ता चुकला, आणि मशीनने तो चारचौघांत सांगून टाकला. त्याच्या मनात पाप नव्हतं, नुसता कंटाळा होता.

भरवसा नसेल तर दुसरा माणूस पाहा, एवढं म्हणून उठला असता तर तो सुटला असता. पण तेंदूपत्त्याची तोडणी तोंडावर आली होती आणि एकाही गावाची सूचना दिसत नव्हती. तो लॅपटॉप घेऊन मुकाट्याने टेकडी चढला. सामायिक फायली कुसुमटोल्यातून काढून त्याने कोणत्याच गावाच्या नसलेल्या फोल्डरात हलवल्या. मग एकेक पान उघडून, त्या पानाने आपल्या जागेवरूनच तिथवरची वाट शोधावी असं लिहिलं. डोळे चुरचुरायला लागले.

उतरला तेव्हा सभा तशीच बसलेली होती. भागीरथाबाईला तिचं पान दिसलं.

"गल्ती माहीच होती. सोपं पडते म्हून माह्या गावात ठेवलं," सुनिल म्हणाला, आणि त्याच दमात काम सोडतो म्हणूनही सांगितलं.

सभा म्हातारे झाडूभाऊ चालवत होते. काम कोणाकडे द्यायचं, असं त्यांनी एकेकाला विचारलं. भागीरथाबाईसकट सगळ्यांनी सुनिलचंच नाव घेतलं.

"आपली गल्ती आपल्या तोंडानं सांगतली तू," झाडूभाऊ म्हणाले. "आता हे काम दुसऱ्याले कसं द्याचं? बोल."

इथे सगळ्यांचा होकार आल्याशिवाय ठराव होत नाही. आता फक्त त्याचाच राहिला होता, आणि त्याच्यासाठी सगळी सभा भुकेली बसून होती. घरी रंजीताला काय सांगायचं ते त्याला सुचेना.

"बरं," सुनिल म्हणाला, आणि त्याला रडू फुटेलसं वाटलं.