सोफ्यातला खड्डा

रिटायर झालेल्या माणसाने घरातल्या वस्तूंना हात लावू नये, असं आमच्या हिचं ठाम मत आहे. मिक्सर, बेसिनचा नळ आणि देव्हाऱ्यातली लायटिंग यांचं माझ्या हातून जे झालं ते पाहता तिला दोष देता येणार नाही. तरी मी देतो.

सोफ्याचं प्रकरण मुलीमुळे सुरू झालं. डोंबिवलीतला हा फ्लॅट घेतला तेव्हाचा तो सोफा. लाकूड अस्सल सागवान, पण रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या बाहेर डोकावणारा, आणि खिडकीकडच्या टोकाला एक खोल खड्डा. तो आईचा. ऐंशी ओलांडलेली माझी आई सकाळच्या चहापासून रात्रीच्या मालिकांपर्यंत त्याच जागी बसायची. एखादा पाहुणा चुकून तिथे बसलाच, तर उठताना त्याला हात द्यावा लागायचा.

मुलगी म्हणाली, "बाबा, शीळफाटा रोडला लाइनीने शोरूम आहेत. एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू ना हा."

सागवान द्यायचं आणि भुसा दाबून केलेलं खोकं घरी आणायचं! माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की सोफा मी स्वतः नवा करणार. हिने कपाळाला हात लावला. आई म्हणाली, "मला विचारलंस का?" पण ते वाक्य त्या वेळी मला महत्त्वाचं वाटलं नाही.

मोबाइलवर व्हिडिओ पाहून माझी तयारी झाली. व्हिडिओतला माणूस इस्त्रीच्या शर्टात, हसत हसत, चहा गार व्हायच्या आत सोफा करून मोकळा होत होता. फोम आणायला मी कल्याणला गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, सॉफ्ट देऊ की हार्ड?"

"सगळ्यात हार्ड दे. पुन्हा खड्डा पडता कामा नये."

"पडणारच नाही," तो म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का निघाला.

फोमची गुंडाळी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो. ठाकुर्लीच्या अलीकडे तिची सुतळी तुटली आणि गुंडाळी एकदम उलगडली. रिक्षावाला ओरडला, "ओ काका, मला पुढचं दिसत नाय!" मला तर मागचंही दिसत नव्हतं. उरलेला रस्ता मी ती लादी मिठीत आवळून काढला.

सोफा उलटा करून रेक्झिन ठोकलेल्या जुन्या बारीक चुका उपटल्या तेव्हा आतून बरंच काही निघालं, पण त्यातली एकच वस्तू पुढे मला भोवली. तो म्हणजे आईचा पितळी अडकित्ता. तो हरवला तेव्हा ठाण्याची वहिनी आमच्याकडे राहून गेली होती, आणि त्यामुळे आळ तिच्यावर गेला होता. उघड कोणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून आई ठाण्यात खोपटला मोठ्या भावाकडे राहायला म्हणून गेली नव्हती. अडकित्ता तिने पदराने पुसला. मग म्हणाली, "बिचारी. उगाच मी मनात धरलं." वहिनीवरचा आळ गेला म्हणून आम्ही सगळेच खूश झालो.

मी नवे पट्टे ताणून ठोकले, काथ्या काढून फोम घातला, वर चॉकलेटी रेक्झिन चढवलं, लाकूड घासून पॉलिश केलं. खोटं कशाला बोलू, सोफा देखणा झाला. मुलीने फोटो काढले. हीसुद्धा, "बरा झालाय," म्हणाली. तिच्या तोंडून ही पदवी फार कमी गोष्टींना मिळते. मग आईला समारंभाने बसवलं.

आई बसली आणि तिचे पाय अधांतरी लोंबकळू लागले. इतकी वर्षं खड्ड्यात बसल्यामुळे तिची उंची कोणाच्या लक्षातच आली नव्हती. त्यात रेक्झिन गुळगुळीत. ती जपून सरळ बसायची आणि हळूहळू पुढे घसरायची. दोनदा सावरून ती उठली.

"छान झालाय हो," ती म्हणाली. मुलाला अहोजाहो म्हणजे प्रकरण गंभीर.

मी तिच्या पायांखाली पाट सरकवला. "पाटावर पाय ठेवायला मी काय बोहल्यावर चढतेय?" तिने पाट परत केला आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. मालिका नाही, पेपर नाही. जेवायला तेवढी बाहेर यायची. चार-पाच दिवसांनी जेवता जेवता म्हणाली, "ठाण्याला फोन लाव. म्हणावं, रविवारी न्यायला ये. राहीन आता तिकडेच. इथे पाहुण्यासारखं बसवत नाही मला."

आणि आता तर अडकित्त्याचीही अडचण उरली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी फोन लावला. आईने सांगितलं आणि लावला नाही, असं आमच्याकडे चालत नाही. भाऊ खुशीत म्हणाला, "येतो की."  आई या घरातून जाणार आणि तिला मी घालवलं, एवढंच रात्रभर डोक्यात फिरत राहिलं.

खड्डा परत आणायचा, असं मी ठरवलं. तांदळाची गोण आईच्या जागी ठेवली. सकाळी ती उचलली, तर फोम ताजातवाना. मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलावलं. आमची बिल्डिंग त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे, आणि वजनाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा आमच्या सोसायटीत कोणी नाही. ते आले, प्रेमाने बसले, तीन कप चहा झाला.

"सोफा बरा हाय तुमचा," ते म्हणाले, "पन किती टाइम बसाचा मना?"

ते उठले आणि फोम त्यांच्यामागोमाग वर आला.

"अहो, पट्टे सैल करा ना," ही म्हणाली. मी इतक्या कष्टाने ताणलेले पट्टे! पण रविवार उजाडला होता आणि आतल्या खोलीत आईची बॅग भरून तयार होती. मी निमूटपणे चुका उपटल्या, तिच्या बाजूचे पट्टे ढिले केले, भाजीच्या सुरीने फोम तासला, रेक्झिनवर जुनी सुती चादर घातली, आणि जागा बसावी म्हणून स्वतःच तिथे जाऊन बसलो.

त्या जागेवरून घर वेगळंच दिसतं. डावीकडे गॅस, समोर दार, दाराच्या जाळीतून लिफ्ट. बसल्या बसल्या मी म्हटलं, "अगं, गॅस बारीक कर, करपतंय." थोड्या वेळाने लिफ्ट वाजली. मी ओरडलो, "कोण आलं?" शेजारच्यांचा कुरिअरवाला होता. मुलगी तयार होऊन निघाली, तर मी, "कुठे निघालीस? छत्री घेतलीस? कधी येणार?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. मलाही आश्चर्य वाटलं. मी असं कधी विचारत नाही, तो विभाग आईचा. पण त्या जागी बसलं की विचारल्याशिवाय राहवतच नाही.

"पंखा कोणी चालू ठेवलाय आत?" मी पुन्हा ओरडलो.

आतल्या खोलीचं दार उघडलं. आई काठी टेकत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"ऊठ तिथून."

मी उठलो. ती वळली, बेताने टेकली आणि खाली गेली. पाय जमिनीला लागले. दोन्ही तळवे नीट टेकवून तिने चादर चाचपली, इकडून तिकडे सरकून पाहिलं.

"मोठा केलायस. तुझ्या मापाचा झालाय."

"लहान करतो. आत्ता करतो," मी हातोडी उचलली.

"राहू दे. माझ्यामागे तुलाच बसायचंय इथे."

"असलं काही बोलायचं नाही!" मी ओरडलो. आईवर मी आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडलो नव्हतो. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझे डोळे भरून आले होते ते सगळ्यांना दिसत होतं.

आई शांतपणे पेपर उघडत म्हणाली, "ओरडतोस कशाला? एवढ्यात उठत नाही मी."