डारियोने काढून घेतलेले फोटो

एव्हान्थिया कारिपिदूने तीस-बत्तीस वर्षं ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीच्या ओल्गा रस्त्यावर औषधांचं दुकान चालवलं. भिंतीला भिंत लागून डारियो मातारासोचं चष्म्यांचं दुकान. सकाळची कॉफी कधी हिच्या दुकानातून जायची, कधी त्याच्या. नवरा गेला, दुकान भाचीच्या हाती दिलं, तेव्हा वेळ जाईना म्हणून एव्हान्थियाने फेसबुकवर वस्तीचा एक गट काढला. जुने फोटो, हरवलेली मांजरं, कुठला नळवाला बरा, असला मामला. बघता बघता निम्मी वस्ती त्यात आली. गटात काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते एव्हान्थिया ठरवायची. ते काम ती फार मनापासून करायची. थोडा तोराही होता त्यात, हे ती आता कबूल करते.

गटात सगळ्यात सुंदर फोटो डारियोचे. समुद्राकाठची जुनी घरं, होड्यांच्या शर्यती, टोप्या घातलेली माणसं. डारियो ज्यू; त्रेचाळीस साली जर्मनांनी त्याच्या घरच्यांना आगगाडीत कोंबून छळछावणीत नेलं. वडील डोंगरात लपले म्हणून वाचले, पण छावणीतून परत आली ती एकटी त्याची आत्या. तिच्यासाठी शेजारच्या शिंपीणबाईंनी फोटोंची पेटी माळ्यावर जपून ठेवली होती. डारियो प्रत्येक फोटोखाली त्या शिंपीणबाईंचं नाव लिहायचा.

मग ऑक्टोबरात हमासचा इस्रायलवर तो हल्ला झाला, गाझावर बॉम्ब पडू लागले, आणि मांजरांच्या गटातही युद्ध शिरलं.

पहिला भडका उडवला स्ट्रॅटिसने. हा शाळेत कसरतीचा मास्तर, तोंडाचा फटकळ. त्याने लिहिलं, ‘इस्रायलचं सरकार लेकरांची कत्तल करतंय. हा गुन्हा आहे, आणि आपलं सरकार मूग गिळून बसलंय.’ खाली शंभर जणांची बाचाबाची. तिघा-चौघांनी एव्हान्थियाला कळवलं, हा ज्यूद्वेष आहे, हाकला याला. तिला तो आरडाओरडा बघूनच धडकी भरली. डारियोला काय वाटेल, हाही विचार आला. त्याला विचारायचं मात्र सुचलं नाही. तिने स्ट्रॅटिसला गटातून काढलं आणि वर जाहीर लिहिलं, ‘आमच्या वस्तीत ज्यूद्वेषाला जागा नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात डारियोने आजोबांचा फोटो टाकला, वल्ही खांद्यावर घेतलेला. त्याखाली पेरिक्लिस दाऊतिसांनी लिहिलं. हे कस्टममधून निवृत्त झालेले, गोडबोले, सणावाराला सगळ्यांना शुभेच्छा देणारे. ‘सुरेख फोटो, डारियो. तेव्हा तुमचे लोक बिचारे होते. आता गाझात काय चालवलंय, त्याचा आधी जबाब दे. बंदर असो की बँक, तुम्ही मंडळी एकमेकांना धरूनच असता, हे शहराला ठाऊक आहे.’ शेवटी एक फूल.

डारियोने एव्हान्थियाला एवढंच लिहिलं, ‘हे राहू देणार आहेस?’

तिने उत्तर दिलं, ‘अरे, वय झालंय त्यांचं. शिवी तर दिली नाही ना.’

दुसऱ्या दिवशी डारियोचे सगळे फोटो गटातून नाहीसे झाले, आणि डारियोही.

ती तडक त्याच्या दुकानात गेली. तो चष्म्याचा बारीक स्क्रू पिळत होता. मान वर केली नाही.

“रागावलास?” तिने विचारलं.

“नाही. बस. कॉफी सांगू?”

“कॉफी राहू दे. स्ट्रॅटिसला मी तुझ्यासाठीच काढलं रे.”

“मी कुठे म्हटलं होतं? स्ट्रॅटिस एका सरकारला शिव्या देत होता. त्या सरकारला मीही देतो. तिकडे इस्रायलमध्ये, हायफात माझी पुतणी आहे, तीसुद्धा देते, आणि सायरन वाजला की तळघरात पळते. स्ट्रॅटिस त्या पोरीबद्दल एक शब्द बोलला नाही, याचं मला वाईट वाटलं. पण म्हणून तो माझा द्वेष करतो, असं होत नाही.”

“आणि पेरिक्लिस?”

“त्यांनी इस्रायलचं नावसुद्धा घेतलं नाही. त्यांनी मला विचारलं. मी ओल्गा रस्त्यावर चष्मे विकतो, एव्हान्थिया. मी कसला जबाब देऊ? तू आवाज कुणाचा मोठा, तेवढंच बघितलंस.” मग स्क्रू खाली ठेवून तो म्हणाला, “‘ज्यूद्वेष’ हा शब्द तू स्ट्रॅटिसवर खर्चून टाकलास. माझी वेळ आली तेव्हा तुझ्यापाशी काही उरलं नव्हतं.”

घरी येऊन तिने पेरिक्लिसांचं लिखाण काढलं, आणि का काढलं तेही लिहिलं. पेरिक्लिसांचा लगेच फोन आला.

“म्हणजे आता इस्रायलबद्दल बोलायचीही चोरी?”

“बोला ना. सरकारबद्दल हवं ते बोला. डारियोला जाब विचारू नका. आणि ते बंदर-बँकेचं तर मुळीच नाही.”

“गंमत केली होती मी.”

“त्याला हसू आलं नाही, पेरिक्लिस.”

त्यांनी फोन ठेवला. मग ती स्ट्रॅटिसच्या दारात गेली. त्याने आत बोलावलं नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला.

“मी चुकले. तुला परत घेते, तसं जाहीर लिहितेही.”

“लिहा. पण बाई, शाळेत पालक मला विचारतात, तुम्ही ज्यूंचा द्वेष करता म्हणे? तुमची दुरुस्ती कोण वाचणार?”

“हायफातल्या त्याच्या पुतणीबद्दल तू—”

“ते डारियो बोलला माझ्याशी. मी त्याच्याशी बोललो. तुम्ही मध्ये पडला नसतात तर आधीच बोललो असतो.”

तिने लिहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलं. स्ट्रॅटिस गटात आला नाही.

उन्हाळ्यात डारियोने दुकान बंद केलं आणि तो अथेन्सला मुलीकडे राहायला गेला. गुडघे दुखतात, असं कारण सांगितलं, आणि ते खरंही होतं. निघताना तो तिला भेटायला आला, पूर्वीसारखाच गालाला गाल लावला, भाचीच्या हिशेबाच्या सवयींवरून चेष्टा केली. फोटोंबद्दल विचारावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही.

तो अजून तिच्या नामदिवसाला, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाला, फोन करतो. बोलणं हवामानावरून गुडघ्यांवर येतं आणि तिथेच थांबतं. गटात कुणीतरी अधूनमधून विचारतं, समुद्राकाठच्या घरांचे ते फोटो होते ना, कुठे गेले? एव्हान्थिया लिहिते, ‘ज्यांचे होते त्यांनी नेले.’