क्रूझ नको म्हणून सांगून गेलेली बाई

हे लिहू की नको, यात तीन महिने गेले. मी रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत क्वालिटी लॅबला आहे, चोवीस वर्षं. सॅम्पल लावायचं, रीडिंग घ्यायचं, शंका आली तर पुन्हा लावायचं... एवढंच मला कळतं. तिठ्यावर उतरवून ठेवलेला नारळ पायाने बाजूला सारून पुढे जाणारा मी माणूस. त्यामुळे खालचं वाचून कोणी हसलं तर माझी हरकत नाही.

राहायला पेणला. घरात एकटाच. बायको, वसुधा, मागच्या वर्षी आजारपणात गेली. मुलगी मुग्धा पुण्यात नोकरी करते. वसुधा गेल्यावर मी रडलो नाही. शिफ्ट चालू ठेवली. कंपनीच्या बसने वडखळ, गडब, नागोठणे करत जायचं, तसंच परत यायचं. भाजीत मीठ नव्हतं हे ताट घासताना लक्षात यायचं, असं चाललं होतं.

एका बुधवारी मुग्धाचा फोन आला.

"बाबा, मी पाच दिवस सुट्टी काढते. लक्षद्वीपला जाऊ या. आईचं राहूनच गेलं ना..."

"बरं."

"पण क्रूझने की विमानाने? क्रूझमध्ये जाण्यायेण्यातच दिवस जातात, बेटावर जेमतेम काही तास मिळतात. मला वाटतं विमानाने जावं आणि एकाच बेटावर राहावं."

मी म्हटलं, "क्रूझचं बघतो."

खरं कारण तिला सांगितलं नाही. बोटीवर माणसं असतात, जेवणाच्या रांगा, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम. वेळ निघून जातो. बेटावर आम्ही दोघंच... बोलणार काय?

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस सोडून मी रोह्याच्या बाजारात एका ट्रॅव्हल ऑफिसात गेलो. तिथे आयुष्यात पहिल्यांदाच. दुपारचे साडेतीन वाजले असतील. काउंटरला रेश्मा नावाची पंचविशीतली मुलगी होती. मी नाव-गाव सांगितलं, लक्षद्वीपची क्रूझ म्हटलं, तर तिने मान वर केली.

"पेणचे सुर्वे काका ना? पण तुमचं क्रूझ नको म्हणून सांगून गेल्यात की!"

"कोण?"

"तुमच्या घरातल्या बाई. मंगळवारी आलेल्या. मी लिहून ठेवलंय."

तिने डायरी माझ्याकडे फिरवली. मंगळवारचं पान. माझं नाव, पेण, दोन माणसं. त्याखाली – विमान, एकच बेट.

मुग्धाने विषय काढला होता बुधवारी.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, त्यांना बोटीत नको गो घालू. मोठी बोट बेटाला लागत नाय, मधीच छोट्या होडीत उतरायला लागतं. त्यांचा उजवा गुडघा दुखावलाय, कोणाला सांगत नाय." रेश्माने पानावर बोट ठेवलं. "आणि म्हणाल्या, पोरीला बापाशी बोलायचं हाय. गर्दीत कशी बोलंल ती?"

गुडघ्याचं सांगतो. वसुधा गेल्यावर चार महिन्यांनी गच्चीवरची टाकी धुताना मी पडलो. बराच वेळ तसाच पडून होतो, मग कठड्याला धरून उठलो. तेव्हापासून पँटच्या आत क्रेप बँडेज बांधून कामावर जात होतो. डॉक्टर नाही, मुग्धा नाही, शेजारी नाही – कोणालाही हे माहीत नव्हतं. आणि वसुधा तर तेव्हा नव्हतीच.

मी मोबाईल काढला आणि वसुधाचा फोटो रेश्मासमोर धरला. खरं सांगतो, वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं. तिने 'ह्याच' म्हणावं, एवढंच.

रेश्माने दोन बोटांनी फोटो मोठा केला. नीट पाहिला.

"नाय काका. ह्या नव्हत्या. त्या वयस्कर होत्या, बारीक, डोक्यावरून पदर. बोलणं आमच्या खाडीकडचं."

वसुधा साताऱ्याची. सव्वीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून कधी 'गो' आलं नाही. मी माझ्या आईचा फोटो दाखवला, आत्याचा दाखवला. रेश्मा मान हलवत राहिली.

"मग करू का विमानाचं?" तिने हळूच विचारलं.

"कर."

आम्ही गेलो. दोन दिवस हवा, जेवण, मासे यावरच बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी उथळ पाण्यात पाय सोडून बसलो होतो, तेव्हा मुग्धा समोर बघत म्हणाली, "बाबा, आई गेली त्या दुपारी तिने तुम्हाला बोलावून घ्यायला सांगितलं होतं. तुम्ही शिफ्टला होतात. मला वाटलं, संध्याकाळी येतीलच... मी फोन केला नाही."

राग आला का? नाही. दुःखही लगेच आलं नाही. पाणी कोमट आहे, एवढंच कळत होतं. वर्षभर ही पोर हे एकटी घेऊन फिरत होती, हे त्यानंतर हळूहळू डोक्यात शिरलं.

मी म्हटलं, "तू एकटी होतीस गं तिथे. मी असायला हवं होतं."

ती माझ्या खांद्याला टेकून खूप रडली. मी रडलो नाही. पण तिच्या पाठीवरचा हात काढला नाही. जेवणाची वेळ टळून गेली तरी आम्ही तिथेच होतो.

परत आल्यावर दोनदा रोह्याच्या त्या ऑफिसात जाऊन आलो. तारीख चुकली असेल, दुसऱ्या कोणाचं माझ्या नावावर लिहिलं गेलं असेल, सगळं विचारून झालं. मंगळवारच्या त्याच पानावर खाली दुसऱ्या गिऱ्हाइकाचं बुकिंग आहे. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, व्हय, आम्ही आलो तेव्हा एक म्हातारी बाई खुर्चीत बसलेली होती. याहून जास्त कोणालाच काही सांगता येत नाही, मलाही नाही.

मुग्धाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पहिल्यांदा विचारेल, "आई होती का?" आणि मला "नाही" म्हणावं लागेल.