प्रोबेशनवरची माणसं

किस्से कुणी जमवत नाही. ते आपोआप साचतात, माळ्यावर भांडी साचतात तसे. एक काढायला जावं तर वरची चार अंगावर येतात!

परवा असंच झालं. माझी सून पुण्यात कॉलेजात शिकवते. तिचं प्रमोशन अडलंय. पेपर वाचला की इतके पॉइंट, सेमिनारला गेलं की तितके, असा सगळा हिशोब ती मला सांगत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "आई, तुमच्या वेळी कसं होतं हो?"

म्हटलं, "आमच्या वेळी पॉइंट नव्हते गं. माणसं होती. आणि माणसांचं काही सांगता येत नाही!"

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. आमचं कॉलेज नवंच होतं, भिंतींचा चुना अजून हाताला लागायचा. नोकरीला लागलेला प्रत्येक लेक्चरर आधी दोन वर्षं प्रोबेशनवर. प्राचार्य वर्षाकाठी त्याचा गोपनीय रिपोर्ट लिहायचे. तो बरा निघाला तर माणूस 'कायम', नाही तर जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. त्यामुळे मार्च आला की स्टाफरूममधली निम्मी माणसं एकदम नम्र व्हायची!

*

माझ्यापासूनच सुरुवात करते.

मी कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. भूगोल घेऊन एम.ए. झाले आणि मुलाखतीला आले, तर समोर तिघं. आमचे प्राचार्य हंचाटे, विद्यापीठाकडून आलेले एक तज्ज्ञ आणि संस्थेचे सेक्रेटरी. सेक्रेटरींचं पेठेत कापडाचं दुकान. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण कॉलेजसाठी स्वतःची जमीन दिलेली. त्यामुळे शेवटचा प्रश्न नेहमी त्यांचा.

तज्ज्ञांनी मला वारे विचारले, नद्या विचारल्या, खडक विचारले. मी घाबरत घाबरत सांगितलं. मग सेक्रेटरी खुर्चीत पुढे सरकले.

"कुर्डुवाडीला गाडी किती वेळ थांबते?"

मी म्हटलं, "कुठली? मोठी का बार्शीची छोटी?"

"दोन्ही सांगा."

"मोठी थांबते तेवढीच थांबते. छोटी मात्र मोठीची वाट बघत थांबते. मोठी लेट असली की छोटीतली माणसं उतरून भजी खाऊन येतात."

सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला. "घ्या हिला! नकाशातलं काय, सगळेच सांगतात!"

मी मनातून फुलून गेले. मागाहून कळलं, त्याच आठवड्यात बार्शीला जाताना सेक्रेटरींची छोटी गाडी चुकली होती. भजी खाताना!

*

गणिताला येमूल सर होते. पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातला मुलगा, घराण्यातला पहिला एम.एस्सी. विषय पक्का, स्वभाव गरीब. पण आवाज असा, की ते वर्गात 'समजा' म्हणाले की तीन वर्ग पलीकडचा माणूसही काहीतरी समजायला लागायचा!

पहिल्या वर्षीच्या रिपोर्टात हंचाटे सरांनी लिहिलं, 'आवाज फार मोठा. शेजारच्या वर्गांना त्रास.' आणि बोलावून समज दिली.

"येमूल, जरा हळू बोलत जा."

"सर, हे हळूच आहे!"

"साकु, साकु!" हंचाटे सर अक्कलकोटकडचे. वैतागले की त्यांचं कानडी सुटायचं. साकु म्हणजे पुरे.

पण माणूस न्यायी. दुसऱ्या वर्षीचा रिपोर्ट लिहायच्या आधी, काही निमित्तानं त्या भागात गेले असताना, ते येमूलांच्या घरी डोकावले. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत माग, मधे चूल. सगळं घर खडखडत होतं. सर दारातून "नमस्कार" म्हणाले, कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले, तरी नाही. शेवटी अध्यक्षीय भाषण करावं तशा आवाजात ओरडले, तेव्हा येमूलांची आई वळली आणि त्याच्याही वरच्या पट्टीत तेलुगूत काहीतरी म्हणाली. सर दचकलेच!

येमूल म्हणाले, "चहात साखर किती, विचारतेय."

तास दोन तास सर तिथं बसले, गप्पा मारल्या. सोमवारी कॉलेजात आले ते घसा पूर्ण बसवून. येमूलांना केबिनमध्ये बोलावलं आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, "तुमचा रिपोर्ट चांगला लिहिलाय. तुम्ही कायम. फक्त एक करा. वर्ग तेवढा गच्चीवरच्या खोलीत न्या!"

*

वनस्पतिशास्त्रात पाटणकर सर आणि पाटणकर बाई, असं जोडपं होतं. सर विभागप्रमुख, बाई त्यांच्या हाताखाली. कॉलेजात, म्हणजे!

नियम असा की लेक्चररचा रिपोर्ट आधी विभागप्रमुखानं लिहायचा. पाटणकर सर भारी तत्त्वनिष्ठ. बायकोला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून सगळ्या रकान्यांत त्यांनी नुसतं 'गुड' लिहिलं. पुढे प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये कौतुकानं सांगून टाकलं, "पाटणकरांसारखा निःपक्षपाती माणूस पाहिला नाही. स्वतःच्या पत्नीलासुद्धा फक्त 'गुड'!"

बाईंनी वळून सरांकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी छताकडे पाहिलं.

पुढचे काही दिवस सर डबा आणत नव्हते. कँटीनमध्ये पाव-मिसळ खाताना दिसायचे.

दुसऱ्या वर्षी रिपोर्ट गेला, तर सगळ्या रकान्यांत 'एक्सलंट'. हंचाटे सरांनी बोलावून घेतलं. "पाटणकर, एका वर्षात एवढी सुधारणा?"

"हो सर," पाटणकर म्हणाले, "माझ्यात!"

*

मग जगताप सर.

ते इतिहास शिकवायचे. त्यांचा तास सकाळचा पहिला. गिरण्यांचा भोंगा व्हायचा, तिसरी पाळी सुटायची, आणि त्या पाळीतली बरीच पोरं घरी न जाता थेट वर्गात यायची. केसांत कापूस, डोळे लाल. बाकं भरायची, पण दहा-पंधरा मिनिटांत माना पडायला लागायच्या.

जगतापांचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि तेवढ्यात विद्यापीठाची कमिटी आली. त्यातले एक उंच, कडक गृहस्थ न सांगता त्यांच्या वर्गात जाऊन बसले. बघतात तर निम्मा वर्ग झोपलेला, आणि सर खिडकीशी गप्प उभे!

तास संपल्यावर त्यांनी एका विद्यार्थ्याला थांबवलं. करकंबचा लोंढे म्हणून होता, रांगडा, मिशा फुटलेला, रात्री गिरणीत स्पिनिंगला.

"तुमचे सर कसं शिकवतात?"

"लई भारी शिकवत्यात की!"

"मी पाहिलं. तुम्ही तर झोपला होता."

"व्हय. आमी झोपलो की सर थांबत्यात. उठवत न्हाईत."

"मग शिकवतात कधी?"

"संध्याकाळी. पाळीवर जायच्या आधी आमी हितंच येतो. मग पयल्यापासनं सांगत्यात. आमी तवा न्हाय झोपत साहेब, ईमानानं!"

जगताप शेजारीच उभे होते. मान खाली. कायम होण्याची आशा त्यांनी तिथंच सोडली असावी. संध्याकाळच्या त्या तासांबद्दल त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, प्राचार्यांनासुद्धा.

त्या गृहस्थांचा मुक्काम खरं तर दुपारपर्यंतच होता. पण ते गेले नाहीत. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा जगतापांच्या वर्गाशी थबकले. पोरं ताठ बसून लिहून घेत होती, आणि शेवटच्या बाकावर लोंढेच्या शेजारी तो कडक माणूस बसला होता. तोही लिहून घेत होता!

जगताप कायम झाले. लोंढे पुढे करकंबच्याच हायस्कुलात मास्तर झाला.

*

अर्थशास्त्रातल्या माने आणि ढवळे यांची गोष्ट तर आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, सावध राहावं म्हणून.

दोघं एकाच दिवशी रुजू झाले. स्टेशनवरून एकाच टांग्यात आले. ऑफिसात क्लार्कनं हजेरीपट पुढे केला, तर मान्यांच्या खिशात पेन नाही. ढवळ्यांनी आपलं पेन काढून दिलं. "घ्या, आधी तुम्ही करा." मान्यांनी सही केली, मग ढवळ्यांनी केली. झालं.

वर्षं गेली. विभागप्रमुख रिटायर झाले. जागा एक, उमेदवार दोन. पदवी सारखी, वर्ग सारखा, तारीख सारखी. ऑफिसनं डोकं खाजवलं आणि ठरवलं, ज्याची सही आधी तो सीनियर. माने हेड!

त्या दिवसापासून ढवळ्यांनी जन्मात कुणाला पेन दिलं नाही. परीक्षेत एखादा पोरगा उभा राहून "सर, पेन चालत नाही" म्हणाला, की ढवळे सर आपला खिसा धरून मागं सरकायचे!

मान्यांना मात्र हे फार लागलं. हेडच्या खुर्चीत ते महिनाभर बसलेच नाहीत, शेजारी स्टूल ओढून बसायचे. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "ढवळे, तू बस त्या खुर्चीत. मी लिहून देतो."

ढवळे म्हणाले, "बस रे गुमान. हेडला रोज चारपर्यंत थांबावं लागतं. मला दोनला सुटायची सवय झालीय!"

पुढे दोघांनी शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. मधे कुंपण घातलं नाही.

*

आणि आता शेखसर.

इंग्रजी शिकवायचे. सोलापुरातच वाढलेले, घरी दखनी उर्दू बोलणारे. त्यांनी शिकवलेली कविता विद्यार्थी घरी जाताना म्हणत जायचे, असा माणूस. पण कायम होत नव्हते. दर जूनमध्ये मुलाखत, दर जूनमध्ये बाहेरगावचा कुणी तज्ज्ञ, आणि दर वेळी तोच शेरा: 'उच्चार सदोष.' मग आणखी एक वर्ष टेम्पररी. त्यांच्यामागून आलेले कायम झाले, वर चढले. शेखसर प्रत्येकाचं अभिनंदन करायचे, पेढा खायचे आणि तासाला जायचे. आता निवृत्तीचं वय इतकं जवळ आलं होतं की आणखी एक-दोन जून गेले, तर प्रश्नच मिटला असता.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. हंचाटे सरांनी निवृत्त झाल्यावर मला सांगितलं. शेखसर स्वतः कधीच काही बोलले नाहीत.

त्या वर्षी तज्ज्ञ म्हणून आले ते तरुणच होते, पण नाव झालेलं. शेखसर आत आले आणि तज्ज्ञ ताडकन उभे राहिले.

शेखसरांनी चष्मा सावरला. "अरे, दत्ता? करमाळ्याचा ना तू? बस, बस."

"सर, आधी तुम्ही."

"मुलाखत माझी आहे बाबा. तू बस."

दोघंही बसले. सेक्रेटरींनी कागद पुढे ओढला. तज्ज्ञ काही विचारीनात. हंचाटे सरांनी खाकरून आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "सर, बी.ए.ला असताना तुम्ही मला एकदा भर वर्गातून बाहेर काढलंत. 'गेट आउट' म्हणालात. मी काही बोललो नव्हतो, काही केलं नव्हतं. का काढलंत?"

"अहो, हा काय प्रश्न झाला?" सेक्रेटरी म्हणाले.

शेखसर हसले. "फार वर्षं झाली रे. मला नाही आठवत."

"मला आठवतं." तज्ज्ञांनी समोरची फाइल मिटली. "माझे वडील दारात उभे होते. बैलांच्या बाजाराला आले होते, तिथून थेट. डोक्याला पटका, पाय धुळीनं भरलेले, हातात भाकरीचं गाठोडं. मुलाला बोलवा म्हणायला लाजत होते. पोरं त्यांच्याकडे बघून हसत होती. मी त्यांना पाहिलं आणि पुस्तकात मान घातली. आणि ते तुम्ही पाहिलंत."

शेखसर अगदी हळू म्हणाले, "दत्ता, मुलाखत इंग्रजीची आहे. इंग्रजीचं काहीतरी विचार."

"माझं विचारून झालं, सर."

शेखसर उठले, तिघांना नमस्कार करून बाहेर गेले. दार लागलं. सेक्रेटरी पेन उघडून तसेच बसले होते. त्यांनी विचारलं, "मग उच्चारांच्या रकान्यात काय लिहू?"

तज्ज्ञ म्हणाले, "गेट आउट फार स्पष्ट म्हणतात. लिहा."