बिल्ल्यावरचं नाव

औषधाच्या दुकानासमोर, भर रहदारीत, एक तांबूस कुत्रा गोंधळून उभा होता. वरातीतल्या फटाक्यांनी बिथरून पळत आला असावा. एक ट्रक त्याच्या अगदी अंगाला चाटून गेला, तेव्हा मी धावत जाऊन त्याचा पट्टा धरला. तो लटलट कापत होता.

"बिल्ल्यावर नंबर असेल, बघा," दुकानदार म्हणाले.

बिल्ला स्टीलचा होता. भांड्यांवर नाव घालतात तशा ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत त्यावर कोरलं होतं, चि. ब्रुनो. उलटून पाहिलं. मागे होतं, मावशीकडून सप्रेम भेट. बस्स. मला त्या अनोळखी मावशीचा रागच आला.

वाटीवर एवढं पुरतं. वाटी खीर घेऊन शेजारी जाते, चुकली तरी चार घरं फिरून परत येते. पण भ्यालेला जीव गल्ली ओलांडतो, आणि गल्लीपलीकडे लाडाच्या नावाला कोणी ओळखत नाही.

वरात जवळ येत होती. पुन्हा माळ लागली. त्यानं असा हिसका दिला की पट्टा माझ्या हातातून सुटता सुटता राहिला.

"ब्रुनो," मी म्हणालो.

तो थांबला. शेपटी हलली. मग तो माझ्याकडे बघत राहिला, नाव माहीत असलेल्याला घरही माहीत असणारच, अशा नजरेनं.