एकाच नावाच्या दोघी

माझं लग्न ठरलं तेव्हा लढाई चालू होती. साखर, रॉकेल, कापड सगळं रेशनवर होतं आणि लग्नाचं पातळ मिळेल की नाही हीच आमच्या घरातली मोठी काळजी होती. सोयरीक वडिलांनी जुळवली होती. मुलगा साताऱ्यात शाळामास्तर. सोयरीक ठरताना दोन्ही आयांची भेटही झाली नव्हती. मी त्याला दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघून त्याने "कुठवर आलंय?" एवढंच विचारलं. मला तो हवा होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. तशी सवय नव्हती.

सांगलीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. मुलामुलीचं, आईबापांचं नाव वाचतात आणि कोणाची हरकत असल्यास सांगा म्हणतात. हरकत कोणी घेत नाही. पहिल्या रविवारी माझी पुकार झाली आणि मागच्या बाकावरून एक म्हातारे पंच उठले.

"हरकत म्हणून नाही," ते म्हणाले, "पण दोन्ही आयांचं माहेरचं आडनाव एकच आहे. दोघी साताऱ्याच्या मिशनच्या अनाथालयातल्या. सख्ख्या बहिणी निघाल्या तर?"

बहिणी निघाल्या तर मुलगा माझा मावसभाऊ, म्हणजे भाऊच. पाळकांनी पुकार थांबवली आणि सांगितलं की साताऱ्याच्या मिशनकडे जुन्या नोंदी आहेत, त्या बघून या.

आई दुष्काळात अनाथालयात आली होती, जेमतेम चार वर्षांची. त्याआधीचं तिला काही आठवत नव्हतं. उन्हाळ्यात शेजारच्या बायका माहेरी जात आणि आमची आई दारात उभी राहून त्यांचे टांगे बघत राही. पंच बोलले त्या दिवसापासून ती गप्प झाली. मला वाटलं, माझी काळजी. मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात गुळाच्या करंज्या तळताना दिसली. माझं लग्न मोडायला आलं होतं आणि आई बहिणीसाठी करंज्या करत होती.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही साताऱ्याला गेलो. वडिलांना रजा नव्हती, आणि नोंदी इंग्रजीत होत्या. मी पाचगणीला इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून वाचायला मी.

मुलाची आई मिशनच्या फाटकाशी आधीच येऊन बसली होती. म्हसवडकडच्या एका खेड्यात दिलेली, उन्हाने रापलेली बाई. तिने पुढे होऊन आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"आगं, कवाची हुडकतीया मी तुला! रविवारी नाव पुकारलं नि पोरगं सांगत आलं, तवापासनं घास उतरंना बग."

आई रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मुलाच्या आईने तिला तिथेच चिंचेखाली बसवलं आणि तिचे केस सोडून मानेवर काही शोधू लागली.

"चुलीवर पडली व्हतीस. हितं खूण व्हती."

खूण नव्हती. "मिटली आसंल," ती म्हणाली आणि आईचा अंबाडा पुन्हा बांधून दिला.

मिशनच्या बंगल्यातच वाचनालय होतं. काचेच्या कपाटांत धर्माची पुस्तकं, बांधून ठेवलेली जुनी मासिकं, आणि खालच्या खणात नोंदींच्या जाड वह्या. किल्ली तरुण मराठी पाळकांकडे होती. त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या आणि आम्ही तिघी समोर बसलो.

आधी आडनावाचा उलगडा झाला. जवळजवळ प्रत्येक मुलीच्या नावापुढे समासात परदेशातलं एक नाव होतं. पाळक म्हणाले, "जे कोणी एका मुलीचा खर्च पाठवत, ते तिला नावही देत. हे एकच घराणं बऱ्याच मुलींचा खर्च द्यायचं. म्हणून तेवढ्या सगळ्यांचं आडनाव तेच." म्हणजे आडनावाला काही अर्थ नव्हता. मला हायसं वाटलं, पण पान उलटेपर्यंतच.

पुढच्या पानावर दोघींची नावं एकाखाली एक होती. शेजारी लिहिलं होतं: सख्ख्या बहिणी, म्हसवडच्या रस्त्यावर पोलिसाला सापडल्या, थोरली सहा वर्षांची असावी, धाकटी चार.

"वाच की गं मोठ्यानं," मुलाची आई म्हणाली.

मी मराठी करून वाचलं. तिने आईच्या पाठीत थाप मारली. "मी म्हनलं न्हवतं? लय शानी वही हाय ही!"

आई हसत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. पाळकांनी पेनाचं टोपण लावलं. "मग लग्नाचा प्रश्नच मिटला," ते हळूच म्हणाले.

मुलाच्या आईला आता बोलायला जोर आला होता. "आल्या आल्या हिला ताप भरला. आजारी पोरींच्या खोलीत नेली. लय दिसांनी परत आनली तर मला वळखंना. मी मडमला म्हनलं, ही न्हवं माझी. मडम म्हनली, तापानं तसं हुतं. मीबी म्हनलं, आसंल. मग तिला घिऊनच निजायची मी. फुडं वरीसभरानं मला कोकनातल्या दुसऱ्या मिशनात धाडली नि ताटातूट झाली."

ती हे गंमत म्हणून सांगत होती. मी पाळकांकडे दफनाची वही मागितली. ती उघडताना मी काय मागत होते ते मला कळत होतं: एका चार वर्षांच्या मुलीचं मरण.

ते सापडलं. आईचं नाव, आईचं आडनाव, ताप. खाली वेगळ्या शाईत एक ओळ: 'हेच नाव नव्या मुलीला दिले आहे. देणगीदारांना कळवण्याची जरूर नाही.'

"काय लिहिलंय?" आईने विचारलं. "सांग."

मी सांगितलं. पाळकांनी त्याचा अर्थ सांगितला. खर्च पाठवणाऱ्यांचा पैसा थांबू नये म्हणून मेलेल्या मुलीच्या जागी दुसरी आणलेली, तेच नाव देऊन.

आईने वही स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाली, "आणि माझी नोंद?"

मी पानं उलटली. पाळकांनीही उलटली. नव्या मुलीची नोंद कुठेच नव्हती. बाप्तिस्म्याच्या वहीतही ते नाव एकदाच होतं, त्या मरणाआधीच्या तारखेचं.

"मग माझा बाप्तिस्मा झालाच नाही?"

"देवाकडे नोंद आहे, बाई."

"देवाकडे असेल. तुमच्याकडे नाही ना?"

"हवं तर मी आता देतो," पाळक घाईने म्हणाले.

"कोणत्या नावानं?"

पाळक बाप्तिस्म्याची वही मिटू लागले.

मुलाची आई एवढा वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "वहीला काय कळतंय?" ती एकदम म्हणाली. "लिवनारी मडम चुकली आसंल. मी हिला जवळ घिऊन निजलीया. भन न्हाई तर कोन मग?"

पाळक म्हणाले की त्यांच्यापुढे दोन नोंदी आहेत. आईला दफनाच्या वहीतली ही खालची ओळ मान्य असेल तर ते सांगलीला तसं कळवतील आणि पुकार पुढे होईल. नसेल तर नाही.

मुलाच्या आईने आईचा हात धरला. "तू सांग. माझी हाईस का न्हाईस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे बघत बसले. तिने काय म्हणावं असं मला वाटत होतं ते माझ्या चेहऱ्यावर नसावं असा मी प्रयत्न केला, पण आयांना ते दिसतं.

"नाही," आई म्हणाली. "मी ती नाही."

मुलाच्या आईने हात सोडला. रागाने नाही, तापलेलं भांडं खाली ठेवावं तसा. मग ती पाळकांना म्हणाली, "आवं पाद्रीबाबा, माझी कुठं पुरलीया तेवढं दावा."

कबरस्तान बंगल्यामागेच होतं. लहान मुलांच्या कबरींवर दगड नव्हते, नुसतं वाळलेलं गवत. कोणती कुठली ते पाळकांनाही सांगता येईना. मुलाची आई त्या गवतात इकडून तिकडे फिरत राहिली. आई फाटकाबाहेर थांबली होती.

"आई, चल ना आत."

"मी कशाला येऊ? तिच्या नावावर इतकी वर्षं जेवले मी."

उरलेल्या पुकारी झाल्या. कोणी उठलं नाही. लग्न झालं, आणि मी साताऱ्याला राहायला गेले; सासूबाईही खेड्यातून तिथेच आल्या. त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही. आई भेटायला आली की दोघी ओसरीवर बसत, पाऊसपाण्याचं बोलत, एकमेकींना विहीणबाई म्हणत.

आई चर्चला जात राहिली, शेवटपर्यंत. पण प्रभुभोजनाच्या रविवारी, बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायच्या भाकरीची ताटली तिच्यापाशी आली की ती न घेता शेजारणीकडे सरकवी.