झऱ्याची खूण

जानकूने सगळी नोकरी मोजणीवाल्यांच्या साखळीचं टोक धरून काढली. शेवटच्या दिवशी साहेबाने त्याला कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा दिला. एका इंचाला एक मैल, घोड नदी निळी, डोंगर तपकिरी रेघांचे. धरणाखाली गेलेलं त्याचं गाव त्यात अजून कोरडं होतं. वर सरकलेल्या वाडीतली माणसं यायची, आपल्या घराची जागा बोटाने दाबून बघायची आणि जायची. नकाशा मात्र तो कुणाच्या हाती देत नसे.

दिवाळीत नारायणगावहून भाचा आला, सुभाष. जमिनींचे व्यवहार जुळवून देतो.

"मामा, नकाशा द्या. आईला तिचं माहेर फ्रेम करून देतो."

भाच्याने मागितलं तर मामाने नाही म्हणायचं नाही, ही तिकडची रीत.

"रीत ऱ्हाऊ द्या," बायको लंकाबाई म्हणाली. "ह्याला आईचा पुळका कदीपासनं?"

जानकूने ऐकलं नाही. उलट बहिणीसाठी म्हणून नकाशात राहून गेलेलं सगळं शिसपेन्सिलीने भरलं. घर, चिंच, खळं आणि वरच्या पडीक रानातला, मे महिन्यातही न आटणारा झरा. रान पुण्याच्या एका मालकाचं, पाणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाडी भरायची. बाहेरच्याला झरा दाखवायचा नाही, हे वाडीने कायम पाळलं होतं. भाचा बाहेरचा, असं जानकूच्या मनातही आलं नाही.

होळीनंतर रानाला तारेचं कुंपण पडलं, झऱ्यावर मोटर बसली. रखवालदार म्हणाला, "सुभाषभाऊंनी मिळवून दिली आमच्या नव्या मालकाला जागा. पाण्याची म्हणून दुप्पट भाव आला." लंकाबाईने रिकामा हंडा आणून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

जानकू मिळेल त्या जीपने नारायणगावला गेला. नकाशा भिंतीवर होता, काचेत. घर, चिंच, खळं जागच्या जागी. झऱ्यापाशी रबराने घासून कागदाचे रवे उठले होते.

"तेवढं पुसावं लागलं, मामा," मोबाइलवरची नजर न काढता सुभाष म्हणाला. "उद्या कुणी वहिवाटीचा पुरावा म्हणून पुढं केलं तर?"

"काड तो काचेतनं."

"आता आईचा हाये तो."

बहीण ठकूबाई चहा घेऊन आली. लग्न होईतो तिने त्याच झऱ्याचं पाणी वाहिलं होतं.

"दादा, लई झ्याक झालंय बग. सगळं हाये. पन झरा कसा इसरलास रं?"

जानकूने कप हातात घेतला नाही.

"मी काडला व्हता. कुटं गेला, ते तुज्या लेकाला इचार."

ठकूबाई लेकाकडे वळली. सुभाषने मोबाइल खिशात घातला.